विरोधकाच्या लेखणीतले देव : प्राचीन स्लाव विधी आणि संहितेचा प्रश्न

१

प्राचीन स्लावांच्या धर्मविधींचा विचार करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. ज्यांचे हे विधी, त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेली एकही ओळ उपलब्ध नाही. स्लाव भाषांसाठी लिपी सिद्ध झाली ती नवव्या शतकात, सिरिल आणि मेथोडियस या बंधूंच्या ८६३ मधील मोराव्हियातील धर्मप्रचाराच्या निमित्ताने. म्हणजे लिपी आणि नवा धर्म या दोन्ही गोष्टी स्लाव समाजात बरोबरीनेच आल्या. परिणामी जुन्या देवांची नावे ज्या अक्षरांत प्रथम लिहिली गेली, ती अक्षरे त्या देवांच्या उच्चाटनासाठी आलेल्यांची होती. बायझंटाइन इतिहासकार, जर्मन व डॅनिश पाद्री, अरब प्रवासी आणि कीव्हच्या मठातील इतिवृत्तकार हे या धर्माचे साक्षीदार. आणि त्यांतील बहुतेक सगळे त्याचे विरोधकही.

संज्ञेपासूनच याचा प्रत्यय येतो. लॅटिनमधील ‘पागानुस’ या शब्दाचा मूळ अर्थ खेडवळ. रशियन भाषेतील ‘याझीचेस्त्व’ ही संज्ञा ‘भाषा’ आणि ‘परके लोक’ असे दोन्ही अर्थ वाहणाऱ्या शब्दावरून आलेली. मराठीत आपण ‘मूर्तिपूजक’ म्हणतो, तेव्हाही मिशनरी दृष्टिकोनच नकळत स्वीकारलेला असतो. ज्या समाजाला आपल्या धर्माला वेगळे नाव देण्याची गरजच कधी भासली नव्हती, त्याला हे नाव बाहेरून मिळाले. म्हणून हा विषय केवळ पुरातत्त्वाचा किंवा धर्मेतिहासाचा राहत नाही. साक्ष कोण देतो, कोणत्या वाङ्मयप्रकारात देतो, कोणत्या श्रोत्यासाठी देतो आणि त्याच्या हेतूपलीकडे त्याच्या संहितेत काय उरते, हे प्रश्न मुळात समीक्षेचे आहेत.

सहाव्या शतकातील प्रोकोपियसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. स्लाव लोक विजेचा कर्ता असलेल्या एका देवाला सर्वांचा स्वामी मानतात, त्याला गुरे व अन्य बळी देतात. दैव ही कल्पना त्यांना ठाऊक नाही. आजारपणात किंवा युद्धाच्या तोंडावर ते नवस बोलतात. नद्यांना आणि जलदेवतांना भजतात, अशी माहिती तो देतो. मात्र या जलदेवतांसाठी त्याने योजलेला शब्द ग्रीक पुराणकथांतील ‘निम्फ’ हा आहे. स्लावांनी त्यांना काय म्हटले असेल, हे त्या शब्दामुळे कळत नाही. उलट झाकले जाते. दैवाची कल्पना नसल्याची नोंदही ग्रीक विचारविश्वातील एका मोठ्या कल्पनेच्या अभावाची नोंद आहे. साक्षीदार जे पाहतो ते आपल्या भाषेच्या चौकटीत पाहतो, हे सत्य येथे पहिल्याच साक्षीत ठळकपणे दिसते.

२

पूर्व स्लावांविषयीची सर्वांत महत्त्वाची संहिता म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभी कीव्हमध्ये संकलित झालेले इतिवृत्त. हा ग्रंथ एकजिनसी नाही. त्याच्या पोटात निदान तीन वेगवेगळ्या प्रकारचे लेखन आहे. हे तीन प्रकार वेगळे न काढता सगळ्यांतून सरसकट ‘माहिती’ गोळा करणे, ही या क्षेत्रातील जुनी सवय आहे.

पहिला प्रकार वर्णनाचा. निरनिराळ्या जमातींच्या चालीरीती सांगताना इतिवृत्तकार पोल्यान जमातीला सौम्य व लज्जाशील ठरवतो आणि द्रेव्ल्यानांना पशुवत. रादिमिच, व्यातिच व सेव्हेर्यान यांच्यात विवाह नव्हतेच, गावांच्या मध्ये खेळ भरत आणि तेथून पुरुष स्त्रिया पळवून नेत, असे तो म्हणतो. पण लगोलग अशीही भर घालतो की ज्या स्त्रीशी आधीच संकेत झालेला असे, तिलाच नेले जाई. पोल्यान ही कीव्ह परिसरातील, म्हणजे इतिवृत्तकाराच्या आपल्या भूमीतील जमात, हे लक्षात घेतले की या नैतिक श्रेणीरचनेचे मर्म उलगडते. परंतु ‘आधीच संकेत झालेला असे’ हा तपशील त्या श्रेणीरचनेला सोयीचा नाही. तो विवाहाचा अभाव सिद्ध करत नाही; विवाहाचा एक वेगळा विधीच सुचवतो. मृतांना चितेवर जाळून अस्थी लहान भांड्यात घालणे आणि ते भांडे वाटेकडेच्या खांबावर ठेवणे, ही नोंदही अशीच निव्वळ निषेधाला अनावश्यक आहे.

दुसरा प्रकार कथनाचा. ९८० या वर्षाखाली व्लादिमीरने वाड्याबाहेरच्या टेकडीवर मूर्ती उभारल्याचे सांगितले आहे : रुप्याचे मस्तक व सोन्याच्या मिशा असलेला लाकडी पेरून, आणि त्याच्याबरोबर खोर्स, दाझ्बोग, स्त्रीबोग, सिमार्ग्ल व मोकोश. लोक त्यांच्यापुढे आपल्या मुलामुलींचे बळी देत आणि भूमी रक्ताने विटाळत, असे पुढे येते. हे वाक्य प्रत्यक्षदर्शी साक्षीसारखे वाचले जाते खरे; परंतु त्याची घडण बायबलातील स्तोत्रसंहितेतील, इस्राएलाच्या मूर्तिपूजेचा धिक्कार करणाऱ्या एका स्तोत्राच्या शब्दकळेवर बेतलेली आहे. यावरून नरबळी कधीच नव्हते असे सिद्ध होत नाही. ९८३ खाली एका ख्रिस्ती व्हारांगी पिता-पुत्राच्या हत्येची स्वतंत्र कथाही आहेच. सिद्ध होते ते इतकेच, की हे विशिष्ट वाक्य कीव्हच्या टेकडीपेक्षा मठातील ग्रंथालयाविषयी अधिक सांगते.

तिसरा प्रकार या दोहोंहून निराळा आणि म्हणूनच मोलाचा आहे. बायझंटाइन सम्राटांशी झालेल्या दहाव्या शतकातील तहांच्या संदर्भात शपथांचे उल्लेख येतात. रुस योद्धे आपल्या शस्त्रांवर हात ठेवून पेरूनची आणि गुरांचा देव वोलोस याची शपथ घेतात. ९७१ च्या तहात शपथ मोडणाऱ्याने सोन्यासारखे पिवळे पडावे आणि आपल्याच शस्त्रांनी मरावे असा शाप आहे. येथे देवांची नावे घेण्यामागे निंदेचा हेतू नाही. करार बंधनकारक व्हावा हा व्यावहारिक हेतू आहे. समोरचा पक्ष ज्या देवाला खरोखर भितो त्याचेच नाव शपथेत हवे, ही तहाच्या मसुद्याची गरज असते. विरोधकाच्या संहितेत विरोधाचा हेतू जेथे थांबतो, तेथे जुन्या धर्माचा आवाज क्षीणपणे का होईना, ऐकू येतो. जो वोलोस तहांत पेरूनच्या बरोबरीने उभा आहे, तोच व्लादिमीरच्या टेकडीवरील यादीत नाही, ही विसंगतीही तीन प्रकार वेगळे वाचले तरच नजरेत भरते.

३

या इतिवृत्तातील सर्वांत प्रभावी प्रसंग अर्थातच पेरूनच्या विसर्जनाचा. ९८८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन परतलेल्या व्लादिमीरच्या आज्ञेने पेरूनची मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून ओढत नेली जाते. बारा माणसे तिला काठ्यांनी झोडपतात. ती द्नीपर नदीत ढकलली जाते. धबधबे पार होईपर्यंत तिला काठावर टेकू देऊ नये अशी आज्ञा असते. आणि ज्यांचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही ते लोक रडतात. इतिवृत्तकार येथे एक स्पष्टीकरण जोडतो. लाकडाला वेदना होतात म्हणून हे केले नाही. ज्या सैतानाने या रूपात माणसांना फसवले त्याची विटंबना व्हावी म्हणून केले.

हे स्पष्टीकरण का द्यावे लागले? मार झेलणारी मूर्ती पाहून वाचकाच्या मनात जी प्रतिक्रिया उमटेल ती लेखकाला ठाऊक होती, म्हणून. निर्जीव लाकडाला मारण्यात अर्थ नसतो. मारण्यात अर्थ असेल तर ते लाकूड निर्जीव नसते. या पेचातून सुटण्यासाठी सैतानाची योजना करावी लागते. जुन्या देवाचे अस्तित्व नाकारले जात नाही. त्याचे केवळ पद बदलते.

नोव्हगोरोदच्या इतिवृत्तपरंपरेतील कथा याहून बोलकी आहे. तेथे वोल्खोव्ह नदीतून वाहत काठाला लागलेल्या पेरूनला एक कुंभार काठीने ढकलतो आणि ‘इतके दिवस भरपूर खाल्लेस, प्यालास, आता वाहत जा’ अशा अर्थाचे बोलतो. या उद्गारात धर्मद्वेष नाही. घरी जेवून-खाऊन तृप्त झालेल्या पाहुण्याला निरोप द्यावा तसा तो स्वर आहे.

ओढत नेणे, झोडपणे, रडणे, पाण्यात सोडणे, परत येऊ न देणे, या क्रियांची ही साखळी स्लाव लोकविधींच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. हिवाळा सरताना मास्लेनित्साची, उन्हाळ्यात कोस्त्रोमाची, पोलंडमध्ये माझान्नाची बाहुली याच क्रमाने मिरवली, विलापली, फाडली, जाळली किंवा बुडवली जाते. पंधराव्या शतकातील पोलिश इतिहासकार यान द्वुगोश याने माझान्ना बुडवण्याच्या प्रथेची उपपत्ती अशी दिली, की दहाव्या शतकात मूर्ती नष्ट केल्या गेल्या त्याची ती स्मृती होय. कार्यकारणाचा क्रम त्याने बहुधा उलटा लावला. कृषिविधीला ऐतिहासिक घटनेची स्मृती मानण्यापेक्षा, ऐतिहासिक घटनेने, निदान तिच्या कथनाने, विधीचा आकार घेतला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. एका धर्माचा शेत सांगणारी कथा त्याच धर्माच्या विधिरूपात सांगितली गेली. राजाज्ञेने मूर्ती नष्ट झाली तरी तिला निरोप देण्याची भाषा लोकांच्या विधीतूनच घ्यावी लागली, हा या कथनाचा त्याच्या कर्त्यालाही अनभिप्रेत असा अर्थ आहे.

४

पश्चिम स्लावांच्या बाबतीत साक्षीदार लॅटिनमध्ये लिहितात. अकराव्या शतकाच्या आरंभीचा मेर्झेबुर्गचा बिशप थीटमार, बाराव्या शतकातला हेल्मोल्ड आणि डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामाटिकस हे त्यांतील प्रमुख. र‍्यूगन बेटावरील आर्कोना येथील चार मस्तकांच्या स्व्यान्तोवित देवाचे मंदिर डेन्मार्कचा राजा पहिला वाल्देमार आणि बिशप आब्सालोन यांनी ११६८ मध्ये उद्ध्वस्त केले. साक्सो याच आब्सालोनच्या आश्रयाखाली लिहीत होता. म्हणजे विजेत्याच्या गौरवासाठी पराजिताच्या देवाचे वर्णन, अशी त्याच्या लेखनाची चौकट आहे. आणि तरीही एवढे तपशीलवार विधिवर्णन स्लावांविषयीच्या अन्य कोणत्याही संहितेत सापडत नाही.

सुगीनंतर वर्षातून एकदा होणारा उत्सव तो सांगतो. आदल्या दिवशी पुजारी गाभारा झाडतो; आत श्वास सोडायचा नाही म्हणून प्रत्येक वेळी दाराशी येऊन सोडतो. देवाच्या हातातील शिंगात गेल्या वर्षी भरलेले मद्य किती उरले यावरून येत्या वर्षाच्या पिकाचे भाकीत करतो. नंतर जवळजवळ माणसाच्या उंचीची मधाची पोळी समोर ठेवली जाते. पुजारी तिच्याआड उभा राहून लोकांना विचारतो, मी दिसतो का? लोक म्हणतात, दिसतोस. तेव्हा पुढच्या वर्षी दिसू नये, अशी इच्छा तो व्यक्त करतो. अर्थात पीक एवढे यावे, पोळी एवढी मोठी व्हावी, की तिच्याआड माणूस संपूर्ण झाकला जावा.

साक्सोला हा प्रकार हास्यास्पद वाटला असणे शक्य आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात लोकसाहित्याच्या संग्राहकांना हर्जेगोव्हिनात, बल्गेरियात आणि युक्रेनमध्ये नाताळाच्या सणात हाच संवाद घरोघरी आढळला. भाकऱ्यांच्या राशीआड कर्ता पुरुष लपतो, ‘मी दिसतो का?’ असे विचारतो आणि पुढच्या वर्षी दिसू नये असा आशीर्वाद मागतो. वुक काराजिच यानेही या प्रथेची नोंद केली आहे. हर्जेगोव्हिनातील शेतकऱ्याने साक्सोचा लॅटिन ग्रंथ वाचला असण्याची शक्यता नाही. बाल्टिक किनारा आणि बाल्कन डोंगर यांत अंतर मोठे, धर्मपंथही वेगवेगळे. दोन परस्पर-स्वतंत्र साक्षी जेथे एकमेकींना दुजोरा देतात, तेथे विरोधकाच्या साक्षीवरही विश्वास ठेवता येतो. शिवाय येथे टिकून राहिले ते काय, हेही पाहण्याजोगे आहे. चार मस्तकांचा देव गेला, मंदिर गेले, पुजारी गेला. राहिला तो प्रश्न आणि त्याचे उत्तर. विधीतील नाट्य हे त्यातील देवतेपेक्षा अधिक चिवट ठरले.

याच्या नेमके उलट उदाहरण हेल्मोल्डच्या संदर्भात घडले. मेजवानीत फिरवल्या जाणाऱ्या प्याल्याचे वर्णन करताना तो दुष्ट देवाचे नाव ‘काळा देव’ अशा अर्थाचे देतो. ‘गोऱ्या देवा’चे नाव तो देत नाही. पुढील काळातील विद्वानांना मात्र काळ्याला गोरा जोडीदार हवासा वाटला आणि बेलोबोग आणि चेर्नोबोग हे द्वंद्व अनेक हस्तपुस्तिकांत स्थिरावले. संहितेतील रिकामी जागा सममितीच्या आवडीने भरली गेली.

५

रिकामी जागा भरण्याची ही प्रवृत्ती पुढे एक स्वतंत्र वाङ्मयनिर्मितीच ठरते. लोकगीतांच्या ध्रुपदांत ‘लादो’, ‘लेली’, ‘ल्युली’ असे अर्थनिरपेक्ष नादशब्द येतात. द्वुगोशने पोलिश देवमंडळ रोमन नमुन्यावर मांडताना अशा शब्दांना देवता केले. त्याच्या यादीत लादा थेट मार्सच्या जागी बसली. १६७४ मध्ये कीव्हला छापलेल्या ‘सिनोप्सिस’ या लोकप्रिय इतिहासग्रंथात लादो, कुपालो, कोल्यादा हे देव म्हणून आले. वस्तुतः ‘कोल्यादा’ हा शब्द रोमन ‘कालेंदाए’वरून, ‘रुसालिया’ हा गुलाबांच्या रोमन सणावरून, तर ‘कुपाला’ हे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या नावाचे लोकरूप. ज्यांना आदिम देव समजले गेले, ते पंचांगातील दिवस होते. पोलिश भाषाशास्त्रज्ञ आलेक्सांदर ब्र्युक्नर याने या खोट्या देवमंडळाची कठोर चिकित्सा केली.

तथापि चिकित्सकांनी रद्द केलेला देव साहित्यातून रद्द होत नाही. पुश्किनच्या ‘रुस्लान आणि ल्युद्मिला’ (१८२०) या काव्यात लेल प्रेमदेवता म्हणून येतो. ओस्त्रोव्स्कीच्या ‘स्नेगुरोच्का’ (१८७३) या नाटकात तो गाणारा गुराखी होतो, आणि रिम्स्की-कोर्साकोव्हच्या १८८२ मधील संगीतिकेत त्याला कायमचा कंठ मिळतो. ओस्त्रोव्स्कीच्या नाटकात यारिलो हा सूर्यदेव आहे आणि त्याच्या पहिल्या किरणाने हिमकन्या वितळते. प्रत्यक्ष नोंदींतील यारिलो मात्र अठराव्या शतकात व्होरोनेझच्या बिशपने ज्याच्याविरुद्ध प्रवचन केले, तो जत्रेतील एक धसमुसळा, मद्यपी, अखेरीस पुरला जाणारा बाहुला आहे. त्यामुळे नाटक उणे ठरत नाही. कवीला कल्पिण्याचा अधिकार आहे. अभ्यासकाने त्या कल्पनेला पुरावा मानले की घोटाळा होतो. अफानास्येव्हच्या १८६५ ते १८६९ या काळातील तीन खंडांच्या ग्रंथाने प्रत्येक कथेत मेघ, वीज आणि सूर्य पाहून काव्य आणि पुरावा यांतील सीमारेषा आणखी पुसट केली.

व्लादिमीर प्रॉप याच्या रशियन कृषिउत्सवांवरील १९६३ च्या ग्रंथाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. यारिलो, कोस्त्रोमा, मास्लेनित्सा यांना मंदिरे नाहीत, प्रार्थना नाहीत, चरित्रेही नाहीत. त्यांना केवळ मरण आहे. बाहुली बनवली जाते तीच नष्ट करण्यासाठी, आणि तिचा अंत्यविधी हसत केला जातो, कारण तिच्या मरणातून शेतात जीवन जावे अशी अपेक्षा असते. प्रॉपने नावांमागे न लागता कृतींची रचना तपासली. परीकथेच्या अभ्यासातून त्याला लाभलेली दृष्टी येथे उपयोगी पडली : पात्रे बदलतात, कार्ये टिकतात. बाख्तिनच्या कार्निव्हलविषयक विवेचनाशी या हास्याचे नाते सहज लक्षात येईल. फरक असा, की प्रॉपचे हास्य सत्तेला उद्देशून नाही. ते मातीला उद्देशून आहे.

६

विसाव्या शतकात ही पुनर्रचना दोन दिशांनी गेली. एक कलेची. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये सादर झालेल्या स्ट्राविन्स्कीच्या ‘वसंतविधी’त निवडलेली कुमारिका मरेपर्यंत नाचते. असा विधी स्लावांत होता, असे सांगणारी एकही साक्ष नाही. ज्याचे उत्तरायुष्य हिमालयातील नग्गर येथे गेले, त्या निकोलाय रोरिखने नेपथ्य व वेशभूषा अभ्यासपूर्वक घडवली. परंतु कथावस्तूचा केंद्रबिंदू कल्पितच राहिला. युरोपला महायुद्धाच्या उंबरठ्यावर स्वतःतील हिंसा पाहण्यासाठी एक आदिम आरसा हवा होता, आणि तो स्लाव भूतकाळाच्या नावाने मिळाला.

दुसरी दिशा विद्वत्तेची. बोरिस रिबाकोव्हने १९८१ आणि १९८७ मधील दोन बृहद्‌ग्रंथांत हजारो वर्षांची अखंड स्लाव धर्मपरंपरा उभी केली; १८४८ मध्ये झ्ब्रूच नदीत सापडलेल्या चतुर्मुख स्तंभावरील प्रत्येक आकृतीला त्याने देवतेचे नाव दिले, लादाचेही. इव्हानोव्ह आणि तोपोरोव्ह यांनी १९७४ मध्ये पेरून आणि वेलेस यांच्या संघर्षाची ‘मूलभूत पुराणकथा’ रचली, आणि तिला आधार म्हणून इंद्र-वृत्र व वल यांच्या वैदिक कथा घेतल्या. भारतीय वाचकाला हा भाग विशेष मोहक वाटतो. ‘बोग’ आणि ‘भग’ या शब्दांचे नाते खरे आहे. श्रीमंत आणि दरिद्री यांसाठीचे स्लाव शब्दही त्याच धातूचा ‘वाटा, भाग्य’ हा अर्थ जपतात. परंतु ते नाते समान वारशाचे की इराणी संपर्कातून आलेले, याविषयी मतभेद आहेत; पेरून-पर्जन्य हे समीकरण तर अधिकच अनिश्चित आहे. शब्दांचे नाते म्हणजे विधींचे नाते नव्हे. वैदिक कथेच्या साहाय्याने स्लाव कथा रचायची आणि मग दोहोंतील साम्याने वैदिक कथेचे प्राचीनत्व सिद्ध करायचे, हे चक्र तर्काला धरून नाही.

या चक्राचे परिणाम ग्रंथालयापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. १९५० च्या दशकात स्थलांतरित रशियनांमध्ये प्रकट झालेला ‘वेलेसचा ग्रंथ’ भाषाशास्त्रज्ञांनी बनावट ठरवला आहे. तरी सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर (१९९१) वाढलेल्या नव-मूर्तिपूजक पंथांतील अनेकांनी त्याला धर्मग्रंथाचे स्थान दिले. ज्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता त्यांना ग्रंथ हवासा वाटावा, यात एक करुण विरोधाभास आहे. ग्रंथ हीच धर्माची खूण, हे जिंकणाऱ्या धर्माचे प्रमेय येथे पराजिताच्या नावाने मान्य केले जाते. शुद्ध, अखंड, वांशिक ‘मूळ धर्मा’ची कल्पना तर त्या इतिवृत्तांतील निरनिराळ्या जमातींच्या निरनिराळ्या चालीरीतींशीही जुळत नाही.

याच्या विरुद्ध टोकाला, सर्व साक्षी पक्षपाती म्हणून काहीच सांगता येत नाही, असा संशयवाद उभा आहे. तो वरकरणी शास्त्रशुद्ध भासतो. परंतु त्याची परिणती मंदिर पाडणाऱ्याचे काम पूर्ण करण्यात होते. विरोधकाची साक्ष नाकारायची आणि दुसरी साक्ष नाही म्हणायचे, म्हणजे त्या समाजाला दुसऱ्यांदा मुके करणे होय. तहातील शपथ, खांबावरचे अस्थिपात्र, दाराशी येऊन सोडलेला श्वास, पोळीआडचा प्रश्न, कुंभाराचा निरोप, हे तपशील निंदेच्या हेतूला अनावश्यक होते आणि तरी लिहिले गेले. संहितेच्या हेतूपेक्षा जे अधिक उरते त्याचा शोध घेणे, त्याला स्वतंत्र साक्षीचा दुजोरा मागणे, आणि जेथे काही उरत नाही तेथील मौन मौन म्हणूनच जपणे, एवढेच समीक्षेच्या हाती आहे. प्राचीन स्लावांच्या देवांची पूर्ण चरित्रे त्यातून मिळणार नाहीत. परंतु सुगीनंतर भाकरीच्या राशीआड उभे राहून ‘मी दिसतो का?’ असे विचारणारा एक माणूस मात्र निश्चित दिसतो. आणि तो कोणी कल्पिलेला नाही.